खिशातल्या कॅमेऱ्याची जंत्री

इतिहास शिकवण्यात माझी तेहतीस वर्षे गेली. एवढ्या काळात मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मी सर्वांत अधिक वेळा लिहिलेला शेरा कोणता असेल, तर तो "सन कोठे आहे?" हा होय. लढाई लिहिली, तहाची कलमे लिहिली, पण सन लिहिला नाही, की निम्मे गुण गेलेच म्हणून समजावे. मुले कुरकुरत. "सर, बाकीचं सगळं बरोबर आहे ना!" म्हणत. मी म्हणे, "बाळांनो, सनावाचून इतिहास म्हणजे पत्ता न लिहिलेले पाकीट." आता जी हकीकत सांगणार आहे तिच्यात सन लिहायचा विसरलेला विद्यार्थी मीच आहे, हे आधी कबूल करतो. म्हणजे वाचकांना पुढे मला हसताना संकोच वाटायला नको.

आमचे गाव इंदुरी. मावळात, तळेगाव दाभाड्याच्या शेजारी, इंद्रायणीच्या काठी. तुकोबांचा भंडारा डोंगर आमच्या गावातून नजरेच्या टप्प्यात आहे, आणि गावात सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे. शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले ते १७१७ साली, आणि गढी उभी राहिली ती १७२०-२१ च्या सुमारास असे सांगतात. आत कडजाईचे देऊळ आहे. गावातली पोरे मात्र गढी म्हणत नाहीत, किल्लाच म्हणतात. पाहुण्याला गाव दाखवायचे म्हणजे प्रथम किल्ला, हा आमच्याकडचा शिरस्ता. २००७ साली मी तो छोटा डिजिटल कॅमेरा घेतला तोही या गढीच्याच निमित्ताने. बुरुजांवर दर पावसाळ्यात गवत आणि झुडपे माजतात, दगड सुटतात; आज काय उभे आहे याची दप्तरी नोंद असावी, असे मनात होते. खिशात मावणारा, पुढे सरकणारी भिंगाची नळी आणि पाठीवर अडीच इंचांचा पडदा असलेला तो कॅमेरा पहिल्या महिनाभर मी उशाशी घेऊन झोपत असे, असे आमची मंडळी सर्वांना सांगे. थोडी अतिशयोक्ती होती. फार नव्हती.

पुढे फोनमध्येच कॅमेरे आले आणि हे यंत्र कपाटात गेले. ते बाहेर काढले माझ्या नातीने, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. या जुन्या कॅमेऱ्यांची तिच्या वयाच्या मुलींत पुन्हा हौस निघाली आहे, हे मला तिच्याकडूनच कळले. चार्जर सापडला, बॅटरी चार्ज झाली, आणि ओसरीवर बसून तिने विचारले, "आबा, फोनमध्ये सगळं आपोआप होतं. मग ही चकती कशाला? ही चित्रं कसली? आणि मेनूत एवढी मोठी यादी कोण वाचतं?"

मास्तराला एवढे पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे गढीच्या दरवाजापुढे उभे होतो.

प्रथम कळ. वरची मोठी कळ दोन टप्प्यांत दबते, हे पुष्कळांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. अर्धी दाबली की कॅमेरा अंतर मोजतो, उजेड मोजतो, पडद्यावर हिरवी चौकट उमटते. मग पूर्ण दाबायची. एकदम दाबली की यंत्र गडबडते आणि माणूस पुसट येतो. नातीला मी म्हटले, "जेवायला बसलेल्याला आधी विचारायचे आणि मग वाढायचे, तसे." तिने पुन्हा एकदम दाबली. नव्या पिढीला विचारून वाढण्याची सवय नाही. असो.

मग चकती. तिच्यावरचा हिरवा चौकोन म्हणजे सगळा कारभार यंत्राकडे. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली पहिला कोडॅक काढला तेव्हा जाहिरातीत हेच सांगितले होते की, तुम्ही फक्त कळ दाबा, उरलेले आमच्याकडे लागले. त्या कॅमेऱ्यात शंभर चित्रांची रीळ भरूनच येई. दोरी ओढायची, कळ दाबायची, चावी फिरवायची. शंभर झाली की आख्खा कॅमेरा कारखान्याकडे पाठवून द्यायचा. हिरवा चौकोन हा त्या ईस्टमनचा वंशज. त्यापूर्वी काय होते ते ऐकले म्हणजे ही सोय केवढी, ते कळते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉक्टर भाऊ दाजी लाड तिच्यात होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि त्यात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कोलोडियन ओतायचे, अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून उजेड द्यायचा आणि वाळण्यापूर्वी धुवायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांच्या आत. म्हणजे डोंगरातल्या लेण्यांचे चित्र घ्यायचे तर काचा, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू, एवढे बिऱ्हाड हमालांच्या डोक्यावर वर न्यायचे. त्या माणसाला मेनू नव्हता. सगळा मेनू त्याच्या दहा बोटांत होता, आणि ती बोटे चांदीच्या क्षाराने काळी पडत.

माझे म्हणणे असे की, या छोट्या कॅमेऱ्याच्या यादीतली बहुतेक कलमे म्हणजे त्या काळ्या बोटांच्या कामाची मागे उरलेली नावे आहेत. आयएसओ घ्या. पूर्वी आपण दुकानात शंभराची रीळ, चारशेची रीळ मागत असू, तोच हा आकडा. आता रीळ नाही, पण आकडा राहिला. ढगाळ दिवशी वाढवायचा, उन्हात कमी ठेवायचा. फार वाढवला तर चित्रावर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. फुलाचे चित्र म्हणजे जवळचे टिपण्याची सोय, नाणे किंवा मोडी कागद टिपायला उत्तम. मात्र तेव्हा फ्लॅश बंद करावा, नाही तर कागदाच्या मधोमध पांढरा चंद्र उगवतो. शिलालेख टिपायचा असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडल्यावर जावे. झिजलेले अक्षर दुपारी दिसत नाही, ते सावलीत उठून दिसते. पूर्वी संशोधक ओला कागद दगडावर ठोकून शाईचा ठसा घेत, तेच काम तिरपे ऊन फुकट करते.

गढीच्या दरवाजाशी मात्र हिरवा चौकोन हरला. मागे पांढरे आभाळ आणि पुढे अंधारी कमान. नातीने टिपले तर आभाळ सुरेख आणि दरवाजा कोळशासारखा. यंत्राची समजूत अशी की, जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. समोर उजेड फार दिसला की ते बिचारे सगळेच अंधारते. तेथे अधिक-उण्याचे चिन्ह असलेली कळ दाबून अधिक एक करायचे. कमान दिसू लागली, दगडांचे सांधे दिसू लागले, आभाळ मात्र धुऊन निघाले. "दोन्ही नाही का येणार?" तिने विचारले. या कॅमेऱ्यात नाही. काय राखायचे आणि काय सोडायचे हे त्या कळेपाशी उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे असते. फोन हे दोन्ही राखून देतो, आणि आपण काही ठरवले होते का, हेच मग लक्षात राहत नाही.

बाकीची यादी मी भराभर सांगितली. सूर्य, ढग, दिवा, ट्यूबलाइट ही पांढऱ्या रंगाची कलमे, म्हणजे पिवळ्या दिव्याखाली लक्ष्मीपूजनाची खीर हळदीच्या दुधासारखी दिसू नये यासाठी. घड्याळाचे चित्र म्हणजे दहा सेकंदांनी आपोआप टिपणे. त्यात धावत जाऊन उभे राहणारा काका प्रत्येक घरात एक असतो. कचऱ्याची टोपली म्हणजे एक चित्र पुसणे, आणि 'फॉरमॅट' म्हणजे सगळी पाटी कोरी. या शेवटच्या शब्दापासून सर्वांनी लांब राहावे. ओल्या काचेच्या काळी काच महाग म्हणून जुने चित्र खरवडून तिच्यावर नवे घेत. किती माणसांचे चेहरे असे घासले गेले असतील, त्याचा हिशेब कोणाकडे नाही.

यादीच्या अगदी तळाशी, पाना आणि हातोडीच्या चित्राखाली, एक कलम होते. 'तारीख व वेळ'. नात म्हणाली, "हे काय शिकायचंय? ते आपोआप असतं."

फोनमध्ये असते. या यंत्रात नसते. बॅटरीशिवाय थोडे दिवस घड्याळ चालू राहावे म्हणून आत एक लहानसा साठा असतो. कपाटात महिने गेले की तो संपतो आणि घड्याळ मूळपदावर येते. आमच्या कॅमेऱ्याचे मूळपद म्हणजे १ जानेवारी २००६, रात्रीचे बारा. नवी बॅटरी घातली की यंत्र प्रथम तारीख विचारते. घाईतला माणूस कळ दाबून पुढे जातो, आणि यंत्रही सभ्यपणे पुन्हा विचारीत नाही.

या तारखेच्या कलमाला स्वतंत्र इतिहास आहे, आणि मला तो सर्वांत मौजेचा वाटतो. १९१४ साली कोडॅकने एक कॅमेरा काढला, त्याच्या पाठीला छोटे झाकण होते. चित्र घेतल्यावर झाकण उघडून धातूच्या लेखणीने रिळाच्या कडेवर तारीख, गाव, नाव लिहायचे. उजेडाने ती अक्षरे चित्राशेजारी उमटत. साधारण १९३२ पर्यंत अशा रिळा मिळत. कल्पना उत्तम होती, पण चित्र घेतल्यावर बसून चार अक्षरे लिहिण्याइतकी माणसे शहाणी निघाली नाहीत. मग रिळाच्या कॅमेऱ्यांना घड्याळाची पाठ आली, कोपऱ्यात नारिंगी आकडे छापणारी. १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. शंभर बाय शंभर ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. १९९५ मध्ये कॅसिओने पाठीवर पडदा असलेला घरगुती कॅमेरा विकायला आणला, आणि टिपलेले चित्र त्याच क्षणी पाहण्याची चटक जगाला लागली. त्याच साली जपानी कारखानदारांनी ठरवले की, प्रत्येक चित्राच्या पोटात घेतल्याची वेळ, भिंगाचे माप, उजेडाचा हिशेब हे सारे लिहून ठेवायचे. म्हणजे माणसाने जे चार शब्द लिहिण्याचा कंटाळा केला, ते लिहिण्याचे काम यंत्राने पत्करले. अट एकच, पहिल्या दिवशी त्याला खरी तारीख सांगायची.

आता मूळ हकीकतीकडे येतो. कॅमेऱ्याच्या पिशवीत, चोरकप्प्यात, एक जुने कार्ड निघाले. नातीने ते घातले आणि एकामागून एक चित्रे सरकू लागली. ती मी पूर्वी एकदा चाळली होती; सगळ्यांवर जानेवारी २००६ होता, कॅमेरा घेण्याच्या आधीचा. तारखा चुकीच्या आहेत हे कळत होते. पण माणसाचे मन पाहा, चूक जुनी दिसते म्हणून चित्रेही जुनीच, असा समज करून घेऊन मी कार्ड ठेवून दिले होते. कार्डात माझे थोरले बंधू दादा यांचे एक चित्र होते, आणि ते जुने असण्यातच माझी सोय होती.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. २००८ च्या दिवाळीनंतर नदीकाठच्या तुकड्याच्या बांधावरून आमचे बिनसले. बांधावर दोन आंबे होते. ते कोणाचे, एवढीच गोष्ट. त्यानंतर दादांनी माझ्या घराची पायरी चढली नाही, मीही त्यांच्याकडे गेलो नाही. २०१० च्या आषाढात ते गेले. आम्ही न बोलताच ते गेले, असे मी सोळा वर्षे धरून चाललो आहे. चित्रात दादा आमच्या ओसरीवर बसले आहेत, मांडीवर ताटली आहे आणि कोणीतरी बोलल्यावर हसावे तसे हसताहेत. चित्र किंचित हललेले आहे. कळ एकदम दाबलेली.

"आबा, यावर अठ्ठावीस जानेवारी, रात्री दहा बावन्न लिहिलंय," नात म्हणाली. "पण अंगणात तर ऊन आहे."

मी चष्मा पुसला. ऊन होते. कोवळे, सकाळचे, तुळशीवृंदावनाची सावली लांब पडलेली. म्हणजे दिवस चुकला होता तसा प्रहरही चुकला होता, आणि जे घड्याळ इतके चुकते ते निदान एकसारखे तरी चुकत असेल. पेशवाईच्या कागदांवर काम केलेल्या कोणालाही या ठिकाणी घरी आल्यासारखे वाटेल. जुन्या पत्रांत चंद्र आणि महिना असतो, पण सन पुष्कळदा नसतो. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो ठाऊकच असे. गो. स. सरदेसायांनी १९३० पासून चार वर्षांत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले, त्यात अशा बिनसालाच्या पत्रांना साल देणे हे एक मोठेच काम होते. सन दिला तरी तो शुहूर असे, "इहिदे अशरीन मया व अलफ" असा अरबी शब्दांत. म्हणजे ११२१, त्यात ५९९ मिळवा, १७२० येतात. पण ते वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून पुढचे काही महिने १७२१ चे. आमच्या गढीच्या सालासारखी '१७२०-२१' ही जोडसाले इतिहासात इतकी का दिसतात, त्याचे एक कारण हे. आणि जेथे काहीच जुळत नाही तेथे संशोधक एक खुंटी शोधतो. ताम्रपटात दान सूर्यग्रहणाच्या पर्वावर दिल्याचे लिहिले असेल, तर गणिताने ग्रहण सापडते आणि ग्रहणाला बांधून बाकीचे सारे उभे राहते.

मी नातीला म्हटले, "या चित्राच्या आधीची चित्रे दाखव."

चित्रांना अनुक्रमांक असतात, आणि घड्याळ मूळपदावर आले तरी आमच्या कॅमेऱ्यात ते चालूच राहतात. दादांचे चित्र २३१. नात मागे मागे गेली. २२४ वर आमच्या शाळेचे झेंडावंदन, फळ्यावर रंगीत खडूने 'प्रजासत्ताक दिन', आणि तारीख ११ जानेवारी, रात्री दहा बेचाळीस. झेंडावंदन रात्री झाले म्हणून नात खदखदून हसली. त्याच्याही मागे २१७, तारीख १ जानेवारी, पहाटे चार बारा. आणि त्या चित्रात काय आहे ते तिला कळेना. अंगणातल्या फरशीवर शेकडो बारीक चंद्रकोरी पसरल्या होत्या.

मला मात्र ओळख पटली. ती चाळणीखालची सूर्यग्रहणे होती. चाळणीचे प्रत्येक छिद्र सूर्याचे चित्र पाडते. सूर्य खाल्ला गेला की चित्रही कोरीसारखे होते. ही मूळ अंधारकोठीची युक्ती, भिंगावाचूनचा पहिला कॅमेरा. मी दर ग्रहणाला मुलांना ही दाखवत असे. पण कोणते ग्रहण? कॅमेरा घरात आल्यानंतर आमच्याकडे दिसू शकणारी तीन. १ ऑगस्ट २००८ चे दिवस कलताना होते आणि मावळात तेव्हा श्रावणसरी. २२ जुलै २००९ चे सूर्योदयाचे, तेही भर पावसाळ्यातले. तिसरे १५ जानेवारी २०१०. दक्षिणेत रामेश्वर-कन्याकुमारीकडे ते कंकणाकृती होते, आपल्याकडे खंडग्रास, मध्य दुपारी दीडच्या सुमारास. चाळणीची सावली जवळच पडली होती, म्हणजे सूर्य वर होता. आणि चित्राच्या कोपऱ्यात तिळाच्या वड्यांचे ताट होते, त्यावर दर्भाची काडी ठेवलेली. आमची मंडळी ग्रहणात अन्नावर दर्भ ठेवल्यावाचून राहत नसे. तिळाच्या वड्या आदल्या दिवशीच्या संक्रांतीच्या. शंका उरली नाही.

मग आठवले. त्या दिवशी सकाळी बॅटरी घातली, यंत्राने तारीख विचारली आणि मी कळ दाबून पुढे गेलो. ग्रहण अकरा वाजून गेल्यावर लागणार होते, चाळणी शोधायची होती. "सन कोठे आहे?" असे तेहतीस वर्षे विचारणारा मास्तर!

नातीने वही घेतली. दुपारी दीड म्हणजे यंत्राचे चार बारा; यंत्र चौदा दिवस, नऊ तास, अठरा मिनिटे मागे. हे अंतर झेंडावंदनाच्या वेळेत मिळवले, तर २६ जानेवारी, सकाळी आठ. बरोबर. म्हणजे मध्ये घड्याळ पुन्हा थांबलेले नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून रोज एक एक चित्र घेतले आणि वेल डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. तेथेही सारी जादू दोन चित्रांमधल्या सारख्या अंतराची होती. अंतर खरे असले की एका खऱ्या दिवसावरून सगळे दिवस मोजता येतात. तिने तेच अंतर दादांच्या चित्रात मिळवले आणि मोबाइलवर जुने पंचांग पाहिले.

"१२ फेब्रुवारी २०१०, सकाळी आठ दहा. आबा, त्या दिवशी महाशिवरात्र होती."

ग्रहणाचा दीड हा माझा अंदाज, तेव्हा दहा-वीस मिनिटे इकडेतिकडे. पण दिवस हलत नाही. २००८ च्या दिवाळीनंतरचा, जवळजवळ सव्वा वर्षाने पुढचा. मी काही बोललो नाही. इतिहासात एका पुराव्यावर निकाल देत नाहीत. नातीने चित्र पाहण्याच्या पट्टीवरची झूमची दांडी हलवली, चित्र मोठे झाले, आणि ती दादांच्या मांडीवरच्या ताटलीपाशी थांबली. शिजवलेली रताळी. आणि ओसरीच्या कडेला फोडून ठेवलेले अर्धे कवठ. कवठ आमच्याकडे महाशिवरात्रीला लागते.

महाशिवरात्रीला मी पहाटेच घोरावडेश्वराला जातो. डोंगरावर यात्रा असते, उन्हे चढण्यापूर्वी दर्शन व्हावे असा माझा नेम; घरी परतायला अकरा होतात. हे दादांना ठाऊक होते. लहानपणी बोट धरून मला तेथे नेणारे तेच. मी घरी नसेन अशी वेळ पाहून ते आले होते, की मी घरी असेन या आशेने आले होते, ते चित्रात नाही. हिने त्यांना फराळ दिला, कपाटातून कॅमेरा आणला आणि तिला येत होती तशी, एकदम कळ दाबली. हिरव्या चौकोनावर. मला ती कधी काही बोलली नाही. दादा गेल्यावर मी दोन दिवस अन्न घेतले नाही, तेव्हाही नाही. २०१६ साली तीही गेली, त्यामुळे आता विचारायचे कोणाला? कदाचित तिने सांगायचे म्हणून ठेवले असेल आणि दादा अकस्मात गेल्यावर सांगण्याची वेळ निघून गेली असेल. कदाचित दादांनीच "त्याला सांगू नकोस" म्हटले असेल. मी तिच्या जागी असतो तर काय केले असते, याचाही मी विचार करून पाहिला. कार्ड मात्र तिने चोरकप्प्यात जपून ठेवले होते. त्या पिशवीची साखळी मी कधी उघडत नसे.

नातीला दादा आठवत नाहीत; ती तेव्हा पाळण्यात होती. तिने विचारले, "मग आंबे कोणाचे?" मी म्हटले, "त्यांचेच." हे मी कोणापुढे प्रथमच म्हणत होतो. दादांचा मुलगा शेजारच्या आळीत राहतो. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो जेवत होता, हात धुऊन बाहेर आला आणि "काका, तुम्ही?" म्हणून पुढे काय बोलावे हे न सुचून उभा राहिला. मी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ पाहिले. मग घरात हाक मारून बायकोला चहा टाकायला सांगितले.

चित्र कागदावर काढून आणले आहे. त्याच्या पोटातली खोटी तारीख नात संगणकावर बदलणार होती, ती मी बदलू दिली नाही. मूळ कागदावर खाडाखोड करायची नसते. पाठीमागे मात्र पेन्सिलीने लिहिले आहे: माघ वद्य चतुर्दशी, शके १९३१, शुक्रवार, सकाळी आठच्या सुमारास, इंदुरी येथील घरी. शके १९३१ च्या संवत्सराचे नाव पंचांगात पाहिले तर ते 'विरोधी' निघाले. तेही लिहिले.

सुट्टी संपून नात पुण्याला गेली, जाताना कॅमेरा घेऊन गेली. निघण्यापूर्वी ओसरीवर बसून तिने यादीच्या तळाचे कलम उघडले. मी भिंतीवरच्या कालनिर्णयातून तारीख वाचून दाखवली, तिने बाणाच्या कळांनी एक एक आकडा चढवला, मिनिटांपाशी थांबली आणि म्हणाली, "आबा, तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?"